पकड

गाडी फाटकाशी आली होती, साहेब.

चौकशीच्या वेळी तुम्ही सांगितलंत की त्या आठवड्यात नायट्रोजनची गाडी आलीच नाही. हे धडधडीत खोटं आहे. गाडी आली, फाटकाबाहेर उभी राहिली आणि भरलेली तशीच परत गेली. मी पाहिली. तुम्हालाही ठाऊक होतं, कारण मीच येऊन तुमच्या कानावर घातलं होतं. ते पुढे येईलच. आधी आमच्या प्रयोगशाळेतल्या ताईचं सांगतो. तुमच्या चौकशीत टाकी आहे, झाकण आहे, फाटकाचं कुलूप आहे. ताई कुठेच नाही.

पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर दीड महिन्यानं ती कामावर आली, त्या सकाळी मी पहिला घाणा लावत होतो. प्रयोगशाळेत जे वापरून झालं ते माझ्याकडे येतं. रक्ताच्या पिशव्या, काचेच्या बशा, नळ्या. मी ते वाफेत शिजवतो, त्यात जिवंत असेल ते मरतं, मगच ते इमारतीबाहेर जातं. म्हणून मला सगळे भट्टीवाला म्हणतात. ताई नुसतंच भट्टी म्हणते.

“काय रे भट्टी, आहेस का अजून?”

“आहे म्हणायचं. तुझे खडे कुठायत? दाखवायला आणणार होतीस ना?”

“सर्जननं ठेवून घेतले. सुनेला अंगठी करणार असेल.”

हसताना तिनं पोटावर हात दाबून धरला. टाके ओढत असावेत. अंगानं निम्मी झाली होती. ॲप्रन मात्र तोच, कोपराला स्वतःच्या हातानं ठिगळ लावलेला. माझ्याशी बोलता बोलता तिची नजर काचेपलीकडे गेली. जुन्या इमारतीत होती तशीच या नव्या इमारतीतही माझी खोली आणि तिची खोली यांच्यामध्ये काचेची खिडकी आहे, आणि खिडकीपलीकडे तिचं उबेचं कपाट. बोलणं अर्धवट टाकून ती आत गेली. माहेरी पोर ठेवून गेलेली बाई परत आली की उंबऱ्यातच ते कुठाय विचारते, तशी.

दुपारी काचेवर टकटक झाली.

“इकडे ये जरा. हात धू आधी.”

मी हात धुऊन गेलो. तिनं मला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं.

“काय दिसतं?”

“फरशी.”

“फरशीवर काय?”

“काही नाही. पुसून काढल्यासारखी आहे.”

“कडेला बघ. काळे ठिपके बघ. एखादा तरी असेल.”

मी बशी इकडे सरकवली, तिकडे सरकवली. “नाही गं ताई.”

ती स्टुलावर बसली. “मला वाटलं, आजारपणानं माझेच डोळे गेलेत.”

कपाटापाशी नवी चष्मेवाली मुलगी उभी होती. ताईच्या रजेत तिनंच काम बघितलं होतं. तिच्या तोंडाचं पाणी पळालं होतं. “मी रोज खायला घातलं हो,” ती म्हणाली, “एक दिवस चुकवला नाही.”

“तू कशाला रडतेस? तुला जे सांगितलं ते तू केलंस,” ताई म्हणाली. “काय सांगितलं होतं?”

“साहेब म्हणाले, जंतूंची जुनी लाइन आहे, फक्त जिवंत ठेव.”

ताईनं मान हलवली. “मग ठेवलीस की. जिवंत आहे.”

ते काळे ठिपके काय होते हे तुम्हाला समजावायला नको, साहेब, तुम्ही त्यावर देशोदेशी भाषणं देता. पण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्यासाठी मला मागे जायला लागेल.

ताईला एक मुलगी होती. तिचं खरं नाव ताई कुणाला सांगत नाही. गोचीड म्हणायची तिला. पोरगी कमरेवरून खाली उतरायचीच नाही. ताईनं झाडलोट केली ती पोरीला कमरेवर घेऊन, भांडी घासली ती तशीच, नवऱ्याशी भांडली तीही तशीच. “उतर गं आता, माझ्या कमरेचा काटा ढिला झाला,” म्हटलं की पोरगी आईची वेणी मुठीत धरायची आणि डोळे मिटून घ्यायची. म्हणजे आपण झोपलोय, आता उतरवता येणार नाही. शाळेत घालायचं ठरलं तेव्हा बाप म्हणाला होता, “शाळेत एक बाक तुलाही घ्यावा लागणार.”

मग तिला ताप आला. सकाळी अंग गरम होतं, दुपारी ती असंबद्ध बोलायला लागली, संध्याकाळी डोळे फिरवले. हिवताप मेंदूत गेला होता. आमच्या संस्थेला जोडलेलं इस्पितळ आहे, तिथं आणली. मोठे डॉक्टर, म्हणजे तुमच्या आधीचे साहेब, तेव्हा इतके मोठे नव्हते, केस काळे होते. त्यांनी रक्त काढलं आणि ताईला विचारलं, “यातलं थोडं आम्ही ठेवून घेतलं तर चालेल का? पुढच्या मुलांच्या कामी येईल.” ताई म्हणाली, “हवं तेवढं घ्या. माझंही घ्या. फक्त तिला उठवा.”

पोरगी उठली नाही. शुद्ध गेली तरी वेणी सोडली नव्हती. शेवटी नर्सनं एकेक बोट उकललं.

नंतर कितीतरी महिने ताई इस्पितळाच्या व्हरांड्यात येऊन बसायची. कुणी विचारलं तर म्हणायची, सावली बरी आहे इथं. मोठ्या डॉक्टरांनी तिला ओळखलं आणि बशा धुवायच्या कामावर लावलं. दयेचं काम होतं ते, आम्हाला सगळ्यांना कळत होतं. एक दिवस बशा धुता धुता तिनं विचारलं, “ते रक्त टाकलंत का हो?”

डॉक्टर जरा चाचरले. मग तिला कपाटापाशी घेऊन गेले. मी तेव्हा टोपल्या न्यायला आलो होतो, मी ऐकलं.

“तुमच्या मुलीच्या रक्तातलं आता यात काही नाही,” ते म्हणाले. “तिच्या पेशी थोड्याच दिवसांत संपल्या. आम्ही दुसऱ्यांचं रक्त घालत गेलो. पण जंतू तोच आहे. म्हणजे त्याची पुढची पिढी.”

“यानं मारलं तिला?”

“हो.”

“आणि तुम्ही याला खायला घालता?”

“घालावं लागतं. पकड कशी सोडवायची ते कळेपर्यंत.”

ताई बाटलीकडे बघत राहिली. तळाशी तांबडा गाळ, वर गुलाबी पाणी. बघण्यासारखं काही नव्हतं.

“रोज घालावं लागतं?”

“रोज. सुट्टी नाही. रविवारी माझ्या जिवावर येतं.”

“मी घालीन,” ताई म्हणाली.

तेव्हापासून तिनं घातलं. वरचं जुनं पाणी अलगद खेचून घ्यायचं, खालचा गाळ हलू द्यायचा नाही. ताजं पाणी घालायचं, धुतलेल्या ताज्या रक्ताचे थेंब सोडायचे. मग बशी काचेच्या बरणीत ठेवायची, शेजारी एक मेणबत्ती पेटवायची आणि झाकण लावायचं. मेणबत्ती आतली हवा खात जाते आणि विझते. ती विझते तेव्हा बरणीतली हवा जंतूला हवी तशी पातळ झालेली असते. मग झाकणाचा कान पिळून बरणी कपाटात. जुनी पद्धत आहे, पण चुकत नाही. ताई ज्योत विझेपर्यंत बरणीसमोर उभी राहायची. नवीन आलेल्याला वाटायचं काही नवस-बिवस आहे. नवस नव्हता. विझायच्या आधी झाकण पिळलं तर हवा चुकते, एवढंच. पण तिनं उभं राहण्याची पद्धत बघितली तर तसं वाटणाऱ्याचा दोष नव्हता.

नवऱ्याला कळलं तेव्हा तो म्हणाला, “लेक गिळली त्या सापाला दूध पाजतेस?”

“तुझ्याकडे तिचं काय आहे?” ताईनं त्याला विचारलं. “एक फोटो. तोपण हललेला. यानं तिला आतून बघितलंय.”

नवरा निघून गेला. त्याला मी नावं ठेवत नाही. दोघांनी एकाच दुःखाशी संसार करायचा म्हणजे सोपं नसतं.

मोठ्या डॉक्टरांनी तिला हळूहळू सगळं समजावलं आणि तिनं मला. आमच्या दोघांच्या डब्याच्या वेळात. हा जंतू तांबड्या पेशीत शिरतो. घरात शिरलेल्या भाडेकरूनं भिंतीला आतून खिळे ठोकावेत आणि त्यांची टोकं बाहेर निघावीत, तसं तो करतो. पेशीच्या अंगावर बाहेरून नख्या उगवतात. डॉक्टर त्यांना अँटिजेन म्हणायचे, ताई नख्या म्हणायची. या नख्यांनी ती पेशी बारीक रक्तवाहिनीच्या अस्तराला धरून बसते. कारण वाहत राहिली तर प्लीहा तिला गाळून टाकणार, हे त्या जंतूला ठाऊक. मेंदूतल्या बारीक वाहिन्यांत असं हजारोंनी धरून बसले की रक्ताची वाट बंद. पोरगी तशी गेली.

“आणि शरीर गप्प बसतं?” मी विचारलं.

“नाही रे. शरीर नखी ओळखायला शिकतं. ओळखली की तिच्यावर टोपण बसवतं. मग पकड सुटते. पण हा मोठा इरसाल. ओळखली असं कळलं की ती नखी मिटतो, दुसऱ्या तऱ्हेची काढतो. पन्नास-साठ तऱ्हा आहेत म्हणे पोतडीत.”

“म्हणजे आमच्या पुढाऱ्यासारखं.”

“पुढारी दोन-तीनच बदलतो. तेवढीच ऐपत.”

आता महत्त्वाची गोष्ट. बाटलीत राहून जंतू आळशी होतो. तिथं प्लीहा नाही, गाळणारं कुणी नाही, आयतं रक्त मिळतं. नख्या कशाला काढायच्या? बिननख्यांचे कामचुकार तिथं चांगले पोसतात आणि नख्यांचे मागे पडतात. हे वाचून कुणाला एखादं ऑफिस आठवलं तर मी काय करणार. म्हणून दर आठवड्याला निवड करावी लागते. एका बशीच्या तळाला वाहिनीच्या अस्तराच्या पेशी वाढवलेल्या असतात, फरशी बसवावी तशा. तिच्यावर जंतू सोडायचे, थांबायचं, मग धुवायचं. ज्याला नख्या नाहीत तो वाहून गेला. जो धरून बसला तो ठेवायचा, त्यालाच वाढवायचं. तांदूळ निवडतात तसं, फक्त इथं खडा ठेवायचा आणि तांदूळ टाकायचा.

ताईनं इतकी वर्षं ही निवड केली. म्हणून तिच्या बाटलीतल्या जंतूची पकड त्या पोरीच्या मेंदूत होती तशीच राहिली. दर निवडीनंतर ती डोळा लावून फरशीला धरून बसलेले काळे ठिपके बघायची आणि मला काचेपलीकडून मूठ वळून दाखवायची. धरलंय.

माझी बायको एकदा म्हणाली, “ती बाई सूड घेत्येय की लाड करत्येय?”

एकदा मोठ्या डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांचं रक्त घेतलं. रक्त गोठलं की वर जे पिवळसर पाणी उरतं, ते बशीत टाकायचं आणि मग जंतू सोडायचे. रक्त ओळखीचं असेल तर नख्यांवर टोपणं बसणार आणि पकड सुटणार. माझं टाकलं. काही झालं नाही. मी डोंगरावरच्या थंड गावचा, तिथं डास टिकत नाही. रखवालदाराचं टाकलं, थोडे सुटले. मग ताईचं टाकलं आणि धुतलं.

एकही राहिला नाही.

डॉक्टरांना वाटलं काही चुकलं. पुन्हा केलं. पुन्हा तेच. म्हातारा लहान पोरासारखा खूश झाला. “अहो, तुमच्या रक्ताला याची नखी तोंडपाठ आहे!”

ताई खूश झाली नाही. तिनं सावकाश विचारलं, “म्हणजे माझ्या रक्ताला हा ओळखीचा?”

“हा नाही, याचे भाईबंद. लहानपणी ताप यायचा तुम्हाला?”

“दर वर्षी. आई म्हणायची, पोरीला पाहुण्यासारखा ताप येतो, चार दिवस राहतो नि जातो.”

“तेव्हा शिकलंय तुमचं रक्त.”

“मग मी तिला का नाही दिलं?”

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. “दिलं होतंत. ती पोटात असताना. पण ते काही महिनेच पुरतं. मग संपतं. पुढे ज्याचं त्यानं शिकायचं असतं.”

“तिला वेळ मिळाला नाही शिकायला.”

“नाही.”

“पण मी होते ना तिथं,” ताई म्हणाली. “परगावी नव्हते. कमरेला चिकटलेली होती ती. माझ्या अंगात होतं, तिच्या अंगात हवं होतं, मध्ये फक्त एक कापड.”

मी टोपली उचलली आणि भट्टीकडे गेलो.

त्या दिवसापासून मोठ्या डॉक्टरांनी एकच ध्यास घेतला. पोतडीतल्या पन्नास-साठांपैकी नेमकी कोणती नखी ताईचं रक्त ओळखतं, ते शोधायचं. ती सापडली की तिच्यासारखी खोटी नखी बनवून लहान मुलांना टोचायची, म्हणजे ताप यायच्या आधीच त्यांचं रक्त शिकून ठेवील. अर्धं काम झालं होतं. ताई रविवारीच काय, स्वतःच्या भावाच्या लग्नाच्या दिवशीही सकाळी येऊन खायला घालून गेली होती. “तिच्यामुळे दुसरी एखादी आपल्या आईच्या कमरेवर राहील,” असं ती एकदाच म्हणाली. पुन्हा नाही.

मग मोठे डॉक्टर वारले, आणि तुम्ही आलात, साहेब.

तुम्ही वाईट आहात असं मी म्हणत नाही. तुम्ही हसून बोलता. पण तुम्हाला नव्याची हौस. जुनं म्हटलं की तुमच्या नाकाला वास येतो. त्या कामाला तुम्ही ‘म्हाताऱ्याचा नाद’ म्हणालात, माझ्यादेखत. बंद केलं नाहीत, नुसतं कुणाला करायला सांगितलं नाहीत. तुमची नवी इमारत उभी राहिली. तिच्यात मेणबत्तीला बंदी, कारण छताला धूर ओळखणारी घंटा. ताईनं त्याला हरकत घेतली नाही. सिलिंडरची हवा वापरायला शिकली. बरणी तेवढी बरोबर आणली.

नेमकं स्थलांतराच्या वेळी तिचं पित्ताशय फुटायला आलं. तिला उचलून नेलं तेव्हा ती वेदनेनं वाकलेली, तरी तुमच्या दाराशी थांबून म्हणाली, “साहेब, निवड चुकवू नका. आणि टाकी बघा.”

टाकी म्हणजे द्रव नायट्रोजनची टाकी. इतकी थंड की तिच्यात जंतू झोपून राहतो, वर्षानुवर्षं. पोरीच्या रक्तातून आलेल्या पहिल्या जंतूंच्या कुप्या तिच्यात होत्या. बाटलीत काही बिघडलं तर तिथून पुन्हा उठवता यायचं. पण नायट्रोजन उडून जातो. दर आठवड्याला गाडी येते, टाकी भरते. न भरली तर टाकी कोरडी पडते आणि झोपलेलं सगळं मरतं.

तुमच्या उद्घाटनाचा दिवस होता. फाटक फुलांनी सजवलेलं. आदल्या रात्री नव्या इमारतीची वीज जाऊन आली होती आणि उबेचं कपाट गार पडलं होतं. चष्मेवालीनं सकाळी बघितलं तर बाटलीतले बहुतेक मेलेले. उरलेल्या मूठभरांतून तिनं बिचारीनं पुन्हा वाढवलं. ते मूठभर कोण होते, नख्यांचे की कामचुकार, हे बघायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि फाटकाशी गाडी आली. रखवालदारानं अडवली. “साहेबांचा निरोप आल्याशिवाय आज एकही मालगाडी आत नाही.” ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, तर रखवालदार म्हणाला, “वाजव, बँड आलाय असं वाटेल पाहुण्यांना.” मी भट्टी सोडून पळत तुमच्याकडे आलो. आत चार लोक होते, फुलांचे गुच्छ होते, तुम्ही आरशासमोर टाय सारखा करत होतात. मी म्हटलं, “साहेब, नायट्रोजनची गाडी अडवलीय, परत जातेय. टाकी तळाला आहे.” तुम्ही आरशातूनच माझ्याकडे बघितलंत. काय म्हणालात ते शेवटी सांगतो.

ताई परत आली त्या दुपारी, बशीत ठिपके नाहीत म्हटल्यावर, ती उठून टाकीकडे गेली. टाकी जुन्या इमारतीच्या बोळात तशीच होती, कुणी हलवलीही नव्हती की नंतर भरलीही नव्हती. झाकण उघडलं की पांढरा धूर वर येतो, तो आला नाही. तिनं आत हात घातला. एरवी तसं केलं तर कातडी जळते.

“भट्टी,” ती म्हणाली, “कोमट आहे रे.”

तरी तिनं कुप्या काढल्या. तरी प्रत्येक कुपी उघडून बाटलीत घातली, रक्त दिलं, उबेत ठेवली. तरी रोज बघितलं. एकही जागा झाला नाही.

उरली ती बिननख्यांची बाटली. त्यानंतर ती कितीदा निवड करत राहिली हे मी मोजलं नाही. जंतू सोडायची, थांबायची, धुवायची. धुताना तिचा हात इतका हळू व्हायचा की पाणी बशीत पडतंय की नाही कळायचं नाही. एक तरी धरून बसला असेल. एक सापडला असता तरी त्याच्यापासून सगळं परत वाढवलं असतं तिनं. मी काचेतून बघायचो. ती डोळा लावायची, बघायची, आणि मूठ वळायची नाही.

तुम्ही तिला बोलावून घेतलंत तेव्हा मी दारातच होतो, टोपली घेऊन. तुम्ही मायेनं बोललात, हे मान्य करतो.

“ताई, किती दिवस याच्यामागे लागणार? असे नमुने जगात ढीगभर आहेत. मी दुसरी लाइन मागवून देतो. नख्यावाली.”

“कुणाची?”

“कुणाची म्हणजे? कुठल्यातरी पेशंटची.”

“हो,” ताई म्हणाली. “पोरंही ढीगभर आहेत जगात.”

तुम्ही कागद सरळ केलेत. “हे बघा, शास्त्रात भावना आणून चालत नाही.”

“मी कुठं आणली? मी रोज खायला घालत होते, दर आठवड्याला निवडत होते. ज्यांनी केलं नाही त्यांनी काय आणलं होतं, ते त्यांना विचारा.”

दोन दिवसांनी हुकूम आला. निरुपयोगी लाइन नष्ट करावी, जागा मोकळी करावी.

ती दुपार. बाहेर कुणीतरी गवत कापत होतं, त्याच्या यंत्राची घरघर. ताई ती बरणी दोन्ही हातांत धरून माझ्याकडे आली. सिलिंडरची हवा असताना बरणीचं काही काम नव्हतं, तरी बाटली बरणीतच होती. तळाशी जुन्या मेणाचा पांढरा वर्ख.

“घाणा कधी लावतोस?”

“तू म्हणशील तेव्हा.”

“मग जरा थांब. आत्ताच खायला घातलंय. ताजं रक्त घातलंय. जरा खाऊ दे.”

मी तिच्याकडे बघितलं. “ताई, हा तो नाहीये. याला नख्या नाहीत. याला काही आठवत नाही.”

“कळतं रे मला. पण त्याचीच अवलाद आहे ना. घरातून कुणाला उपाशी नाही पाठवत.”

ती टोपलीवर पाठ टेकून बसली. मीही बसलो. गवताचा वास खिडकीतून येत होता. ती म्हणाली, “गंमत बघ. माझ्या रक्तात अजून असेल त्या नखीची ओळख. कुलूप गेलं, किल्ली राहिली.”

“मग काय करायचं तिचं?”

“काय करायचं. बाळगायची.”

मग तिनंच बाटली काढून माझ्या हातात दिली. मी ती भट्टीत ठेवली, दार लावलं, चाक फिरवलं. वाफ सुरू झाली. ताईनं माझ्याच नळाखाली बरणी धुतली, तळाचं मेण नखानं खरवडून काढलं आणि फडक्यावर पालथी घालून ठेवली. निथळायला.

पुढच्या रविवारी माझी पाळी होती. इमारत रिकामी. नेहमीच्या वेळेला ताई आली. तिनं मला बघितलंही नाही. तिनं हात धुतले, कोपरापर्यंत, नेहमीसारखे. ॲप्रन चढवला. उबेचं कपाट उघडलं. आत काही नाही, नुसत्या रिकाम्या जाळ्या. तिनं आत हात घातला आणि तसाच ठेवला, कुणाच्या अंगाचा ताप बघावा तसा. मग हात काढला, दार लावलं, ॲप्रन खुंटीला अडकवला आणि घरी गेली. तेव्हापासून दर रविवारी येते.

म्हणून विचारतोय, साहेब. गाडी आली होती, आणि मी तुम्हाला सांगितलं होतं, आणि तुम्ही आरशातून माझ्याकडे बघून म्हणालात, “बघतो.”

मला कामावरून काढायचं तर काढा. भट्टी कुठंही मिळेल. पण रविवारी एकदा इथं या, ती कपाटापाशी उभी असेल तेव्हा, आणि माझ्यासमोर नको, तिच्यासमोर सांगा. काय बघितलंत?